ताईचं माइनस्वीपर आणि माझं काउंटर स्ट्राइक

दिवाळीत सांगलीला घरी गेलो होतो. भाऊबीजेच्या आदल्या दिवशीची दुपार, जेवणं झालेली, बाबा आत आडवे झालेले, भाचा सोफ्यावर उलटा पडून बीजीएमआय हा फोनवरचा गोळीबाराचा गेम खेळत होता आणि ताई खाली सतरंजीवर बसून लसूण सोलत होती. मी सहज म्हटलं, मला पण घे की एका मॅचला. तर स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला, "मामा, तू आता कॅज्युअल झालास, तुला घेतलं तर माझी रँक जाईल." बरं, हे खरंच आहे, त्याच्या लेव्हलला मी दोन मिनिटं टिकणार नाही. मग ताई म्हणाली, "मला घे मग." तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "आई, तू कुठं गेमर आहेस, तू नुसता टाइमपास खेळतेस."

ताई काही बोलली नाही, लसूण सोलत राहिली. मी पण काही बोललो नाही, कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, वीस-बावीस वर्षांपूर्वी याच खोलीत याच ताईला मी म्हटलेलं होतं आणि ते मला लख्ख आठवलं. पुण्याला परत येऊन दोन आठवडे झाले तरी ते डोक्यातून जात नाहीये म्हणून आज लिहायला बसलोय. हार्डकोअर, म्हणजे गेम जिवावर घेऊन खेळणारा, कोण आणि कॅज्युअल, म्हणजे नुसता सहज खेळणारा, कोण यावर मी कॉलेजात असताना रात्र-रात्र भांडलोय आणि आज मला वाटतं की तेव्हा मी सगळं चुकीच्या टोकाकडून बघत होतो.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला २००२ ला. असेंबल केलेला, पेंटियम फोर, १२८ एमबी रॅम, जाडजूड मॉनिटर आणि त्यावर आईनं जुन्या पडद्याचं शिवलेलं कव्हर. कॉम्प्युटर एक आणि भावंडं दोघं. वाटणी वगैरे काही झाली नाही, मी बसलो की दोन-दोन तास बसायचो आणि ताईला मिळायचा उरलासुरला वेळ, म्हणजे मी क्लासला गेलो की, नाहीतर जेवायला बसलो की. ती तेव्हा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मी अकरावीला. घरी नेट नव्हतं. एवढ्याशा वेळात बसल्या-बसल्या चालू करता येईल असं त्या मशीनवर जे होतं ते तिनं धरलं, माइनस्वीपर. विंडोजबरोबर फुकट यायचं, १९९२ च्या विंडोज ३.१ पासून, आणि त्यामुळेच असेल पण त्याला कोणी गेम म्हणायचंच नाही. ऑफिसातल्या लोकांचा टाइमपास, एवढीच त्याची ओळख.

माझं खरं खेळणं घरी नव्हतंच, ते विश्रामबागला कॉलेजच्या वाटेवरच्या एका सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये, आठ मशीन, खिडक्यांना काळे कागद लावलेले, गेम सीएस १.६, म्हणजे काउंटर स्ट्राइक, दोन टीमनी एकमेकांवर गोळ्या झाडायचा, आणि मॅप म्हणाल तर कायम डस्ट टू. आम्ही पाच जण ठरलेले होतो. ज्या दिवशी बाकीचे यायचे नाहीत त्या दिवशी मी एकटा जाऊन भिंतीवर गोळ्या झाडत बसायचो. एके बंदूक घ्यायची, भिंतीपासून लांब उभं राहायचं, बोट न उचलता सगळं मॅगझिन सोडायचं आणि मग भिंतीवर भोकांचा आकार कसा उठलाय ते बघायचं. पहिल्या दोन-तीन गोळ्या जिथं धरल्या तिथं जातात, मग नळी वर चढते, मग आडवी हलायला लागते, म्हणून माउस हळूहळू खाली ओढायचा, किती ओढायचा ते हाताला कळेपर्यंत परत परत तेच. त्यात पैशाचं गणित वेगळं. सुरुवातीला हातात गेममधले ८०० डॉलर, एके २५०० ची, एडब्ल्यूपी ही स्नायपर ४७५० ची, त्यामुळे एक राउंड हरला की पुढच्याला पाचही जणांनी ठरवून काहीच घ्यायचं नाही आणि पैसे साठवायचे, त्यात एकानं जरी मोह होऊन बंदूक घेतली की सगळ्यांचा हिशेब कोलमडला. आणि मेलात की राउंड संपेपर्यंत गप्प बसून दुसऱ्याचा स्क्रीन बघायचा. मला तो सगळा कडकपणा फार आवडायचा, अजूनही आवडतो.

तर असा मी, घरी यायचो तेव्हा ताई पाठमोरी बसलेली असायची आणि टिकटिक माउसचा आवाज. मी म्हणायचो, ऊठ, तुझा टाइमपास झाला असेल तर मला बसू दे.

ती काय करत होती ते मी नीट बघितलंच नव्हतं. माइनस्वीपरमध्ये घरं उघडत जायची, उघडलेल्या घरातला आकडा सांगतो की त्याच्याभोवती किती बॉम्ब आहेत, बॉम्बचं घर उघडलं की डाव संपला, आणि जिथं बॉम्ब वाटेल तिथं झेंडा लावायचा. एक्स्पर्ट या सगळ्यात अवघड लेव्हलला ३० बाय १६ म्हणजे ४८० घरं असतात आणि त्यात ९९ बॉम्ब, साधारण दर पाच घरांत एक. आकड्याभोवती तेवढे झेंडे लावून झाले की माउसची दोन्ही बटणं एकदम दाबली तर बाकीची घरं आपोआप उघडतात, ती तेच करत खेळायची म्हणून तो टिकटिक आवाज दुहेरी यायचा. आणि ती आकडे मोजत नव्हती, वाचत होती, आपण शब्द वाचताना अक्षरं सुटी वाचत नाही तसं. सरळ कडेला १-२-१ आलं की बॉम्ब दोन्ही एकांच्या समोर आणि दोनाच्या समोरचं घर मोकळं, १-२-२-१ आलं की उलटं, बॉम्ब दोन्ही दोनांच्या समोर आणि एकांच्या समोर काही नाही. आज नेटवर हे सगळं पहिल्याच पानावर मिळतं पण तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, तिनं स्वतः शोधून काढलं होतं आणि एकदा मोठ्या उत्साहानं मला दाखवायला बोलावलं तर मी "हं" म्हणून निघून गेलो होतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं कालनिर्णय असायचं. त्यात आई लिहायची, दूध जादा १ ली., सिलेंडर लावला, बाईचा खाडा. त्याच चौकोनांच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडे असायचे. ३१२. नंतर बरेच दिवस काही नाही. मग २८८. मग २४१. मला वाटायचं इस्त्रीवाल्याचा हिशेब असेल. ते ताईचे टाइम होते, सेकंदात.

आणि खेळताना हाका यायच्या. कुकर बघ गं, दार उघड, बाबांना चहा टाक. मला हाका यायच्या नाहीत असं नाही, पण मी "आलो आलो" म्हणून अर्धा तास काढायचो आणि ते चालून जायचं. ती उठायची. माइनस्वीपरचं घड्याळ ९९९ पर्यंत चालतं आणि तिथंच थांबतं. ती परत येईपर्यंत वरच्या कोपऱ्यात लाल आकड्यांत ९९९ उभं असायचं आणि खाली अर्धा सोडवलेला डाव. तो डाव ती पुढं कधीच खेळायची नाही, पिवळ्या स्मायलीवर क्लिक करून नवा लावायची, परत पहिल्या घरापासून.

२००४ ला व्हायरस आला म्हणून मी मशीन फॉरमॅट मारलं. माझे सेव्ह केलेले गेम आधी आठवणीनं सीडीवर उतरवून घेतले. तिला विचारलंसुद्धा नाही. नवीन विंडोजवर माइनस्वीपर उघडलं की बेस्ट टाइमच्या यादीत तिन्ही लेव्हलला ९९९ सेकंद आणि नाव अनॉनिमस असं असतं, तेच तिच्यासमोर आलं. मला वाटलं आता रडारड होणार. ती एवढंच म्हणाली, "कालनिर्णयवर आहेत."

आता मला सांगा, आमच्या दोघांत हार्डकोअर कोण होतं.

याचं उत्तर देताना लोक जी मापं लावतात ती एकेक करून बघा, एकही टिकत नाही. अवघड गेम म्हणजे हार्डकोअर म्हणाल तर २०१३ चा फ्लॅपी बर्ड घ्या. व्हिएतनामच्या डाँग न्युएन नावाच्या एकट्या माणसानं केलेला, एका बोटानं पक्षी पाइपांच्या फटींतून न्यायचा, दिसायला लहान मुलांचा, आणि दहा पाइप पार करणं ही सुद्धा लोकांना सांगण्यासारखी गोष्ट वाटायची. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यानं तो स्वतःहून काढून घेतला. त्याला कॅज्युअल म्हणायचं की हार्डकोअर? किती तास खेळता यावर ठरवायचं म्हणाल तर दुपारभर कँडी क्रश खेळणारे सगळे आमच्या कॅफेतल्या पोरांपेक्षा पुढं जातील. भारी ग्राफिक्स कार्ड असलं की हार्डकोअर हे तर बोलण्यासारखंही नाही, ते बापाच्या पगारावर ठरतं.

आणि टेट्रिसचं काय करायचं? १९८४ ला मॉस्कोत ॲलेक्सी पाझितनोव्हनं केलेला, वरून पडणारे तुकडे रचायचा गेम, पाच वर्षाच्या पोराला दोन मिनिटात कळतो. निन्टेन्डोच्या जुन्या मशीनवरचं टेट्रिस १९८९ चं. त्यात २९ व्या लेव्हलला तुकडे इतक्या जोरात पडतात की बटण दाबून धरून ते कडेपर्यंत नेताच येत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं लोक समजत होते की गेम इथं संपला. मग कोणीतरी बोट थरथरवून बटण मारायला लागलं, मग कंट्रोलरच्या मागून बोटं वाजवत बटण दाबायची पद्धत निघाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमाच्या एका १३ वर्षांच्या मुलानं १५७ व्या लेव्हलपर्यंत जाऊन गेमच गोठवला. चौतीस वर्षांनी. तोच गेम कोणाच्या तरी आज्जी झोप येईपर्यंत खेळत असतील. गेम एकच आहे.

माइनस्वीपरचंही तसंच. जगातले सगळ्यात वेगवान लोक एक्स्पर्ट ३५ सेकंदांच्या आत संपवतात. आणि ब्रिटिश गणितज्ञ रिचर्ड के यांनी २००० साली सिद्ध केलंय की माइनस्वीपरची एखादी अर्धवट उघडलेली स्थिती मुळात शक्य आहे का हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे कॉम्प्युटर सायन्समधले जे बदनाम अवघड प्रश्न आहेत, ज्यांना झटपट सोडवायची रीत आजपर्यंत कोणाला सापडलेली नाही, त्यांच्याच कुळातलं. हे मी इंजिनिअरिंगला असताना पहिल्यांदा वाचलं आणि मला एकदम ताईची पाठ आठवली होती.

तरी पण सगळं सारखंच आहे, काही फरकच नाही असं मी म्हणणार नाही. फरक आहे आणि तो गेमच्या बांधणीत आहे, मला विचाराल तर तो मुख्यतः एकाच गोष्टीत आहे की गेम तुम्हाला मध्येच उठू देतो का, आणि उठलात किंवा चुकलात तर काय वसूल करतो. डोटा २ या पाच विरुद्ध पाचच्या ऑनलाइन गेमची एक मॅच आरामात चाळीस मिनिटं चालते, पाच मिनिटांपेक्षा जास्त गायब राहिलात की मॅच सोडली असं धरलं जातं आणि तुम्ही शिक्षेच्या रांगेत जाता, शिवाय तुमच्या चार साथीदारांचा डाव मोडतो ते वेगळंच. डार्क सोल्स या राक्षसांशी लढायच्या गेममध्ये एकटे खेळत असलात तरी पॉझ नाही, मेनू उघडला तरी समोरचा थांबत नाही, मेलात की साठवलेले सोल्स, म्हणजे तुमची सगळी कमाई, तिथंच पडतात आणि ते आणायला जाताना परत मेलात की गेले कायमचे. डायब्लो २ मध्ये तर २००० सालीच हार्डकोअर नावाचा मोड होता, एकदा गेम नॉर्मलला पुरा केल्याशिवाय तो उघडायचाच नाही, आणि त्यात कॅरेक्टर मेलं की मेलं, शंभर तास घातले असले तरी. हे गेम तुमच्याकडून सलग वेळ मागतात. दार लावून घेतलेला, हाक न येणारा वेळ.

यालाही अपवाद आहेत, डार्क सोल्सवाल्या कंपनीचा सेकिरो पॉझ होतो आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या गेममध्ये तोच सगळ्यात निर्दय आहे. पण ढोबळमानानं बघा.

आणि दुसऱ्या बाजूचे गेम तुटक वेळ धरूनच बांधलेले असतात. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ, गेलेली एक लाइफ परत यायला अर्धा तास, म्हणजे गेमच तुम्हाला सांगतो की जा, काम कर आणि ये. २००९ ला फेसबुकवर शेती करायचा फार्मव्हिल हा गेम आला तेव्हा तर त्यानं लोकांची दिवसाची वेळापत्रकंच धरली, स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेत काढली नाही तर वाळून जायची. आमच्या शेजारच्या काकू, ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, त्या रात्री दोनचा गजर लावून उठायच्या. त्यांना कॅज्युअल म्हणणार? २००६ ला निन्टेन्डोचं वी नावाचं गेमिंग मशीन आलं, शंभर दशलक्षांवर मशीन विकली गेली, आणि तेव्हापासून हे दोन शब्द गिऱ्हाइकांचे दोन ढीग करायला वापरतात, एक पोरांचा आणि एक बाकी सगळ्यांचा. बाकी सगळ्यांत बायका, म्हातारे, नोकरीवाले, ज्यांचा वेळ तुकड्यातुकड्यांत मिळतो ते सगळे.

मला जे सांगायचंय ते हेच आहे की कॅज्युअल हे बहुतेक वेळा माणसाच्या वृत्तीचं नाव नसतं, ते त्याच्या वेळेचं नाव असतं. मी कॅफेत तीन तास बसू शकत होतो कारण घरी माझी वाट बघणारं कुठलं काम नव्हतं. ताई तीन तास बसू शकत नव्हती. आणि कॅफेचं म्हणाल तर त्या सगळ्या वर्षांत मी तिथं एकाही मुलीला गेम खेळताना बघितलं नाही, मुली यायच्या त्या रिझल्ट बघायला, फॉर्म भरायला, सोबत वडील नाहीतर भाऊ, आणि काम झालं की निघायच्या. संध्याकाळी सातला काळे कागद लावलेल्या खोलीत पाच पोरांबरोबर हेडफोन लावून बसलेली ताई, हे आमच्या घरात काय आमच्या गल्लीतही कोणी चालवून घेतलं नसतं. मग आम्ही आत बसून ठरवायचो की मुलींना हार्डकोअर गेम आवडत नाहीत. आवडत नाहीत! दारापर्यंत कोणी येऊ दिलं होतं त्यांना?

मला हे उशिरा कळलं कारण माझा वेळ उशिरा तुटला. लेक झाल्यावर. आता ती साडेतीन वर्षांची आहे आणि रात्री नऊ ते दहा हा माझा वेळ असतो असं कागदावर आहे. गेल्या वर्षी एक डोटाची मॅच लावली, अठराव्या मिनिटाला ती रडत उठली, मी गेलो, वीस मिनिटांनी परत आलो तेव्हा व्हायचं ते झालं होतं आणि माझ्या टीममधल्या अनोळखी पोरानं जे लिहून ठेवलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचं चुकलं नव्हतं हो, त्याचीही चाळीस मिनिटं गेली. पण त्या रात्री मी स्क्रीनसमोर बसलो होतो आणि मला पहिल्यांदा ते लाल ९९९ आठवलं.

तेव्हापासून मी सेलेस्ट खेळतोय. २०१८ चा गेम, एका पोरीनं डोंगर चढायचा, बस. पण खोल्या छोट्या, एक खोली म्हणजे एक स्क्रीन, मेलात की त्याच क्षणी त्याच खोलीच्या सुरुवातीला उभे, काही वसुली नाही, हवं तेव्हा बंद करा. आणि तरी इतका अवघड की एका खोलीत मी दीडशेच्या वर वेळा मेलोय, अंगठा लाल होईपर्यंत. शिवाय ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी वेग कमी करायची सोय सेटिंगमध्ये दिलीय आणि त्यासाठी कोणी तुम्हाला हिणवत नाही. कडक गेम तुटक वेळेतही बसू शकतो हे त्यांनी करून दाखवलंय, आणि बाकीचे का करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग गेमरमधला फरक कशावर ठरवायचा, तर त्याचं उत्तर मला बाबांकडं बघून मिळालं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या सगळ्या घराण्यानं लुडो किंग धरलं होतं. हा गेम आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०१६ चा. बाबा, आत्या, इचलकरंजीहून ताई, मी पुण्यातून, रोज रात्री जेवणानंतर. बाबा हरायचे आणि म्हणायचे "फासेच पडंनात आज", आणि खदाखदा हसायचे, आणि कोणाची सोंगटी मारली की आत्याला फोन करून चिडवायचे. आपण का हरलो हा प्रश्न त्यांना पडलाच नाही, पडायचं कारणही नव्हतं, त्यांना बहिणीशी बोलायचं होतं. ते खरे कॅज्युअल आणि त्यात काही म्हणजे काही कमी नाही. रोज रात्री एक तास त्या गेमनं त्यांना माणसांत ठेवलं, त्या दिवसांत ही फार मोठी गोष्ट होती.

ताई त्याच गेममध्ये तिसऱ्या दिवशी मला मेसेज करत होती की तू दोन सोंगट्या एकदम बाहेर काढतोस तिथं चुकतोस, एक पुढं नेऊन सुरक्षित घरात बसव आणि मग दुसरी काढ, आणि सहा पडला की आधी मागं कोण किती घरांवर आहे ते मोज. तिला हरलेलं झोंबत नव्हतं, पण का हरलो ते कळल्याशिवाय तिला झोप येत नव्हती. गेम तोच, वेळ तोच, फासेही तेच, आणि एकाच घरातली ही दोन माणसं. मी हार्डकोअर म्हणतो ते याला. मग तो भिंतीवर भोकं बघत बसणारा असो नाहीतर कालनिर्णयवर आकडे लिहिणारी असो.

माझा भाचाही त्यातलाच आहे, हे मला कबूल केलंच पाहिजे. तो रोज मॅच लावायच्या आधी ट्रेनिंग ग्राउंडवर वीस मिनिटं नुसता स्प्रे मारतो, म्हणजे सलग गोळ्या सोडतो, चार बोटांचा क्लॉ आहे त्याचा, म्हणजे चार बोटांनी खेळतो, जायरो ही फोन हलवून नेम धरायची सोय चालू, आणि फोन किंचित खाली झुकवत बंदुकीचा झटका धरतो, मी माउस ओढायचो अगदी तसंच. पबजीवर, म्हणजे बीजीएमआयच्या आधीच्या रूपावर, सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली तेव्हा तो अगदी लहान होता, बीजीएमआय २०२२ ला स्टोअरवरून गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला तेव्हापासून तो मनापासून खेळतोय आणि त्याला काँकरर व्हायचंय, म्हणजे सर्व्हरवरच्या वरच्या ५०० जणांत. होईल किंवा नाही होणार. पण त्याचं ते वीस मिनिटांचं स्प्रे मारणं बघताना मला जे वाटलं ते हे, की हे पोरगं ज्या आईला गेमर मानत नाही तिच्यावरच गेलंय.

तर त्या दुपारी मी काय केलं, लॅपटॉप उघडला. विंडोज ८ पासून माइनस्वीपर सोबत येत नाही पण ब्राउझरमध्ये खेळता येतं, तसंच जुन्या रूपातलं, लाल आकडे, पिवळी स्मायली. एक्स्पर्ट लावलं, माउस जोडला आणि ताईसमोर ठेवलं. ती म्हणाली, "काहीतरीच तुझं, हाताला लसणाचा वास येतोय." मग हात पुसले आणि बसली.

पहिले दोन डाव लगेच फुटले. तिसऱ्याला मोठा तुकडा उघडला आणि मग तो दुहेरी टिकटिक आवाज सुरू झाला. भाच्याची मॅच संपली होती, तो सोफ्यावरून मान वर करून बघत होता, मग उठून मागं येऊन उभा राहिला. ती काही बोलत नव्हती. उजवी बाजू साफ झाली, मग खालची पट्टी, एके ठिकाणी तिचा हात थांबला, कर्सर दोन घरांमध्ये लटकला, मग ती ते तसंच सोडून वरच्या कोपऱ्यातून आत शिरली.

"आई, तुला कसं कळलं तिथं नाहीये?"

"एक-दोन-एक आहे बघ." एवढंच, नजर न काढता.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. ताईचा हात माउसवरून सुटला, अर्धी उठलीसुद्धा, सवयीनं. मी म्हटलं तू बस, आणि भाच्याला म्हटलं तू थांब इथंच, बघ. मी जाऊन दार उघडलं, गॅसवाला होता, पैसे दिले, सिलेंडर आत घेतला, कालनिर्णयवर लिहून टाकलं. परत आलो तर घड्याळ १३१ वर थांबलेलं आणि स्मायलीला काळा चष्मा.

मी पेन्सिल घेऊन परत स्वयंपाकघरात गेलो आणि त्याच चौकोनात, सिलेंडरच्या खाली, कोपऱ्यात लिहिलं, १३१.